कथेला साक्षीदार करू नका

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना साहित्य शिकवता. वर्गात निरनिराळ्या संस्कृतींतली, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुलं आहेत. शाळेने यंदा ‘सांस्कृतिक विविधता’ हा घटक घ्यायला सांगितला. तुम्ही हौसेने एका स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाच्या समाजातली कथा शोधून आणलीत, वर्गात वाचलीत आणि त्याला म्हणालात, “तुमच्याकडे हे कसं असतं, सांग बघू सगळ्यांना.” तो “माहीत नाही” एवढंच म्हणाला आणि तास संपेपर्यंत मान खाली घालून बसला. पुढे दुसऱ्या एका पालकांनी तक्रार केली, की आमच्या लोकांचं दारिद्र्यच तेवढं तुम्हाला दिसतं. त्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुनावलं, “चांगलं साहित्य शिकवा, ते सगळ्यांचंच असतं. कोण कुठला या फंदात पडू नका.” आता तुम्ही विचारताय, की सगळ्यांना आपलं काहीतरी सापडेल आणि कुणीही दुखावणार नाही अशा कथा कोणत्या निवडू?

यादी देणं सोपं आहे, पण तिने तुमचं काम भागणार नाही. तुम्ही निवडलेली कथा मी वाचलेली नाही, ती उत्तमही असेल. बिघडलं ते तिला दिलेल्या कामात. एका लेखकाच्या एका कथेला तुम्ही अख्ख्या समाजाच्या वतीने साक्ष द्यायला उभं केलंत, आणि त्या साक्षीवर शिक्का मारायला एका तेरा वर्षांच्या पोराला. मुलाचं गप्प बसणं आणि पालकांची तक्रार, दोन्हींचं मूळ मला इथेच दिसतं. कथेकडे समाजाचा नमुना म्हणून पाहिलं, की ‘हाच नमुना का?’ असं कुणीतरी विचारणारच.

त्या मुलाचं “माहीत नाही” बहुधा खरं होतं. आपण धरून चालतो की आडनावाबरोबर माहितीही वारशाने येते. ज्याचे आजोबा देश सोडून आले, त्या नातवाला आजोबांचं जग वर्गातल्या इतरांइतकंच अनोळखी असू शकतं. शिवाय कथा त्याच देशातल्या भलत्याच प्रदेशातली, वेगळ्या आर्थिक थरातली किंवा दोन पिढ्या जुनी असू शकते. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल जमैकात वाढले आणि १९५१ मध्ये शिकायला ब्रिटनला गेले ते तिथलेच झाले. सांस्कृतिक ओळखीवरच्या १९९० मधल्या निबंधात त्यांनी म्हटलंय, की ओळख ही भूतकाळात जपून ठेवलेली, जाऊन उचलून आणण्याजोगी वस्तू नसते. ती घडत असते, आणि आपण कुठे उभं राहून बोलतो त्यावर बदलते. तुमच्या त्या विद्यार्थ्याची ओळख तर अजून पुरती आकारालाच यायची आहे.

आणि समजा त्याला सगळं माहीत होतं. तरी ते चारचौघांत सांगायचं की नाही, हे ठरवणारे आपण कोण? अमर्त्य सेन यांनी २००६ च्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला आहे. माणसाला एकाच वेळी अनेक ओळखी असतात आणि कोणत्या प्रसंगी कोणती पुढे करायची, हे निवडायची मोकळीक त्याला हवी. एकच ओळख चिकटवणं म्हणजे त्याला खुजं करणं. तुमचा विद्यार्थी त्या दिवशी वर्गात कदाचित चित्रं काढणारा किंवा मागच्या बाकावरचा गप्पिष्ट म्हणून आला असेल. तुमच्या एका वाक्याने तो ‘त्यांच्यातला’ झाला. तेरा-चौदाव्या वर्षी हे फार लागतं.

आता सहकाऱ्यांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, पण आधी चुकीच्या अर्ध्याबद्दल बोलू, कारण वैतागलेला शिक्षक तिकडेच वळतो. ‘चांगलं साहित्य सगळ्यांचंच’ म्हणताना ते कुणी निवडलं, हे विचारायचं राहून जातं. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या तीन वर्षांतल्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, म्हणजे ६.७ टक्के. वीस वर्षांनंतर, १९८५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने मोजदाद केली, तर वर्षभरातल्या सुमारे अडीच हजार पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली अठरा. ही पुस्तकं वगळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काळंबेरं नसेलही. ‘चांगलं’ निवडता निवडताच हा आकडा तयार झाला.

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसा आणि खिडकी म्हटलं, म्हणजे स्वतःला पाहायला आरसा आणि दुसऱ्यांचं जग पाहायला खिडकी. ते तुम्ही प्रशिक्षणात ऐकलंच असेल. हल्ली कोणत्याही वर्कशॉपमध्ये पहिल्या दहा मिनिटांत ही स्लाइड येते. पण त्यांचा एक मुद्दा स्लाइडवर क्वचितच असतो. ज्या मुलांना सगळीकडे स्वतःचीच प्रतिबिंबं दिसतात त्यांचंही नुकसान होतं, कारण जगात आपलंच महत्त्व सगळ्यांत जास्त असा त्यांचा समज होतो. म्हणजे हा घटक तुमच्या वर्गातल्या ‘वेगळ्या’ मुलांसाठी नाही. स्वतःला ‘साधी’, ‘नेहमीची’ समजणाऱ्या मुलांना त्याची जास्त गरज आहे.

सहकाऱ्यांचं बरोबर अर्धं असं, की साहित्य साहित्य म्हणूनच शिकवावं. कथा कोण सांगतंय, त्याला काय ठाऊक नाही, लेखक कुठे गप्प बसलाय, कोणत्या पात्राला बोलूच दिलेलं नाही, हे प्रश्न विचारले की ‘हा समाज असा असतो’ हे वाक्य आपोआप टिकेनासं होतं. संस्कृतीची माहिती द्यायला भूगोल आहे, समाजशास्त्र आहे. कथा ते काम वाईट करते. एका माणसाला एका क्षणी जग कसं दिसलं हे दाखवणं तिला जमतं, आणि ते दुसरं कुणी करत नाही.

आता वर्गात करायचं काय? माझ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली रीत सांगते. तिच्यामागे दोन जुने प्रयोग आहेत.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भुतांची गोष्ट इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही वेळाने, मग पुन्हा काही काळाने, आठवून लिहायला सांगितली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात निकाल आहेत. डोंगीची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, मरताना माणसाच्या तोंडातून निघालेल्या काळ्या वस्तूचा तोंडाला आलेला फेस झाला. कित्येकांच्या गोष्टीतून भुतंच गायब झाली. वाचक खोटं बोलत नव्हते. आपल्याला पटेल अशी गोष्ट मनाने परस्पर जुळवली होती.

दुसरा प्रयोग मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांचा, १९७९ चा. भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं दिली, एकात भारतीय लग्नाचं वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन. आपापल्या लग्नाचं पत्र लोकांनी भराभर वाचलं आणि त्यांना ते जास्त आठवलं. खरी गंमत चुकांत आहे. अमेरिकन पत्रातली नवरी आजीचा पोशाख घालते, तिकडे हा आवर्जून पाळायचा, कौतुकाचा भाग. एका भारतीय वाचकाने आठवून लिहिलं की पोशाख जुनाट, फॅशन गेलेला होता. भारतीय पत्रात हुंड्याचा विषय आणि वरपक्ष ऐनवेळी काही मागेल का ही धाकधूक होती. एका अमेरिकन वाचकाच्या आठवणीत त्याची भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली. 

यावरून घेतलेली रीत अगदी साधी आहे. वर्गातल्या बहुतेकांना अनोळखी असलेल्या जगातली दीड-दोन पानांची कथा घ्या. प्रस्तावना देऊ नका, देशाचा नकाशा नको, ‘या लोकांमध्ये अशी प्रथा आहे’ हे तर नकोच. एकदा वाचा, कागद परत घ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आठवेल तशी गोष्ट लिहायला सांगा. तिसऱ्या दिवशी मूळ कथा आणि स्वतःचा कागद शेजारी ठेवून फरकांखाली रेघा मारायच्या.

एका वर्गात मी अशी कथा घेतली होती, जिच्यात दुरून आलेला नातू आजीसमोर येऊन बसतो आणि आजी बराच वेळ काही बोलत नाही. एवढंच आहे त्या परिच्छेदात. निम्म्याहून अधिक कागदांवर ‘आजी रागावली होती’ असं होतं. एका मुलीने विचारलं, राग कुठे लिहिलाय? सगळे कागदावर तुटून पडले. कुठेच नव्हता. मग तो आला कुठून, यावर वर्ग रंगला. एक मुलगा म्हणाला, आमच्या घरी कुणी गप्प बसलं की समजायचं आज काही खरं नाही. दुसरी म्हणाली, आमची आजी तर आनंद झाला की गप्प होते, बोलली की रडू येतं म्हणून. हे दोघंही कथेतल्या समाजाचे नव्हते. त्या समाजाची एक मुलगी वर्गात होती. तिच्या कागदावरही ‘रागावली’ होतं, आणि तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

या रीतीत कुणा एकाला पुढे उभं करावं लागत नाही. तपासणी होते ती वाचणाऱ्यांची, सगळ्यांची, शिक्षकाचीसुद्धा. तुम्हीही मुलांबरोबर लिहा आणि तुमच्या रेघा फळ्यावर दाखवा. संस्कृती म्हणजे ‘त्यांच्याकडे’ असणारी गोष्ट, ही समजूत भाषण न देता ढिली होते, कारण प्रत्येकाची संस्कृती त्याच्या स्वतःच्या अक्षरात समोर पडलेली असते.

निवडीबद्दल बोलायचं तर माझा एकच हट्ट आहे. एका समाजातली एकुलती एक कथा ठेवू नका. दोन ठेवा, आणि एकमेकींशी न पटणाऱ्या ठेवा. एक गंभीर असेल तर दुसरी हसवणारी, एक आईच्या बाजूने तर दुसरी मुलीच्या. वेळच नसेल तर अशी एक घ्या जिच्यात त्याच समाजातली माणसं आपसांत भांडताहेत. ‘हा समाज काय म्हणतो’ या प्रश्नाचं उत्तरच मग देता येत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. दारिद्र्याची तक्रार करणाऱ्या पालकांचं म्हणणं मला रास्त वाटतं. दारिद्र्याची कथा वाईट नसते. पण त्या समाजातलं तेवढंच मुलांच्या हाती पडत असेल तर शिकवलं जातं ते भलतंच. म्हणून कथा चाळताना मी बघते: या पात्राला स्वतःच्या ओळखीखेरीज दुसरी काही अडचण आहे का? ते कधी विनोद करतं का? क्षुल्लक, स्वार्थी असं काही त्याला हवं असतं का? नसेल तर ते पात्र पोस्टरवरून उतरून आलेलं आहे.

शाळा या घटकाकडून काय अपेक्षा करते, तेही पाहा. वॉशिंग्टन विद्यापीठातले जेम्स बँक्स यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासक्रमातल्या बहुसांस्कृतिक बदलांचे चार स्तर मांडले. पहिला, सण-वीर-पोशाख यांची हजेरी. दुसरा, आहे त्या अभ्यासक्रमाला एखादं पुस्तक किंवा प्रकरण जोडणं. तिसरा, अभ्यासक्रमाची रचनाच बदलून तोच विषय अनेक बाजूंनी बघणं. चौथा, विद्यार्थ्यांनी प्रश्न हाती घेऊन कृती करणं. बहुतेक शाळा दुसऱ्यावर थांबतात आणि परिपत्रकात चौथ्याचं आश्वासन देतात. साहित्याच्या शिक्षकाने तिसरा नीट सांभाळला तरी पुष्कळ झालं, असं माझं मत.

तिसरा स्तर म्हणजे काय, याचं धडधडीत उदाहरण नैरोबीचं आहे. १९६८ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या न्गुगी वा थिओंगो, टाबान लो लियाँग आणि हेन्री ओवूर-अन्युम्बा या तीन अध्यापकांनी इंग्रजी विभागच बंद करावा असं टिपण लिहिलं. इंग्रजी साहित्याला दोन-चार आफ्रिकी पुस्तकं जोडा, एवढीच त्यांची मागणी नव्हती. केंद्र आफ्रिकेत असावं, तिथलं मौखिक साहित्यही त्यात यावं, आणि तिथे उभं राहून बाकीच्या जगाचं साहित्य वाचावं, अशी ती होती. तुम्हाला विभाग बंद करायचा नाही, पण प्रश्न तोच विचारता येतो: आपल्या पाठ्यक्रमात ‘मुख्य’ कोण आणि ‘पाहुणे’ कोण?

इथवर जे म्हटलं ते परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. एखाद्या समाजाची सात-आठ मुलं वर्गात असली तर त्यांच्यातच मतभेद निघतात आणि कुणावर ओझं येत नाही. एकच मूल असेल तर मी त्याच्या समाजातल्या कथेपासून वर्षाची सुरुवात करणार नाही. आधी इतर दोन-तीन अनोळखी कथा होऊ द्या, वर्गाला रीत कळू द्या. बाहेर त्या समाजावरून तणाव पेटलेला असेल तर तो महिना सोडा. शाळेच्या भिंतींना कान असतात आणि मुलांना घरी जायचं असतं. मूल नुकतंच युद्धातून किंवा विस्थापनातून आलेलं असेल तर त्याच अनुभवाची कथा त्याच्या भल्यासाठी म्हणून निवडू नका, निदान त्याला जवळून ओळखणाऱ्या कुणाला विचारल्याशिवाय. पाठ्यपुस्तक ठरलेलं असेल आणि तुमच्या हातात काहीच नसेल, तरी प्रश्न तुमच्या हातात असतात.

दूरच्या, काल्पनिक जगातल्या कथांना या घटकात जागा नाही असं समजू नका. इटलीत पाचवीच्या मुलांबरोबर एक छोटा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी काही आठवडे छोट्या गटांत हॅरी पॉटरमधले उतारे वाचले. एका गटाचे उतारे पूर्वग्रहांबद्दलचे होते, म्हणजे ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ रक्ताच्या जादूगारांचे, आणि त्यावर चर्चाही झाली. दुसऱ्या गटाचे तसे नव्हते. पहिल्या गटातल्या ज्या मुलांना हॅरी आपला वाटला, त्यांचा स्थलांतरितांकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारला. उताऱ्यांत स्थलांतरितांचं नावही नव्हतं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधायला नकोत. पण वर्गातल्या कुणाचीच नसलेली संस्कृती घेतली की सगळे एका पातळीवर येतात, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलंय.

जुन्या, मान्यवर पण अपमानकारक पुस्तकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येणारच. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्याख्यानात जोसेफ कॉनरॅडच्या आफ्रिकेवरच्या कादंबरीची चिरफाड केली. आफ्रिका तिथे नुसती पार्श्वभूमी आणि आफ्रिकी माणसाला जवळपास बोलूच दिलेलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कादंबरी आणि हा आक्षेप एकत्र द्यावा. तेरा वर्षांच्यांना, तेही त्या समाजाचं एकटं मूल समोर बसलेलं असताना, मी देणार नाही.

‘कुणी दुखावणार नाही’ याची हमी मात्र मागू नका. चांगली कथा कुणाला ना कुणाला बोचतेच. कथेमुळे अस्वस्थ होणं वेगळं आणि शिक्षकाने बोट दाखवल्यामुळे अवघडणं वेगळं. पहिलं चालेल, दुसरं टाळणं आपल्या हातात आहे. शिवाय नुसत्या वाचनाने पूर्वग्रह जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं, की वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आल्याने फरक पडायला बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, मिळून काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो. कथेच्या तासाला बरोबरीच्या गोष्टी करायच्या आणि गटप्रकल्पात तीच मुलं कायम सामान उचलायला, हे मुलं बरोबर टिपतात.

राहिला तो मुलगा. त्याला बाजूला बोलावून समजूत घालू नका, त्याने तो पुन्हा वेगळा पडेल. लेखी कामात पर्याय ठेवा, आणि ते फक्त तुम्ही वाचणार हे सगळ्या वर्गाला सांगा. त्याने कधी काही लिहिलंच, तर त्याचं मत म्हणून वाचा, ‘त्यांच्याकडे असं असतं’ म्हणून वर्गात उद्धृत करू नका. पालकांना पुढच्या सत्रात कोणती दुसरी कथा जोडताय ते कळवा. ‘तुम्हीच एखादी सुचवा’ म्हणायचा मोह होईल. सुचवली तर घ्या, पण तुमची जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नका.

आणि परीक्षेत ‘या कथेतून अमुक समाजाची कोणती वैशिष्ट्ये दिसतात?’ हा प्रश्न असेल तर तो आधी काढा, नाहीतर वर्षभराची मेहनत त्या पाच गुणांत वाया जाईल. त्याऐवजी विचारा: निवेदकाला न कळलेली पण वाचकाला कळणारी एक गोष्ट सांगा. किंवा, पहिल्या वाचनात तुम्ही काय गृहीत धरलं होतं आणि कोणत्या वाक्यापाशी ते बदललं? तपासायला जरा वेळ जास्त लागतो, आणि उत्तरं गाईडमधून उतरवता येत नाहीत.